रिमोटवर चालणारा १०० किलोचा रणगाडा पहिल्याच वळणावर का फसतो?

इन्स्टावर किंवा यूट्यूबवर असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. कुणाच्या तरी परसातल्या हिरवळीवर जर्मन टायगर रणगाडा चाललाय. रंग, चिखल, गंजाचे डाग, सगळं अगदी अस्सल. मग बाजूने एक कुत्रं येतं आणि तेव्हा कुठे कळतं की हा रणगाडा जेमतेम त्या कुत्र्याएवढा उंच आहे. मागे एक काका हातात रिमोट घेऊन उभे असतात.

खाली कमेंट्स ठरलेल्या. मोटर कुठली? बॅटरी किती चालते? तोफ उडते का? केवढ्याला पडला?

एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. याचा ट्रॅक निघून कसा येत नाही?

गंमत म्हणजे असे मोठे रणगाडे बनवणाऱ्या माणसाला विचारलंत, तर त्याची झोप उडवणारा प्रश्न हाच असतो. वरचा सांगाडा, तोफ, रंगकाम ही मजेची कामं. खाली जी चाकं, स्प्रिंगा आणि साखळीसारखे पट्टे असतात, तिथे महिनेच्या महिने जातात. आणि एवढं करून पहिल्या दिवशी मैदानात नेल्यावर काय होतं? दहा फूट सरळ जातो, टाळ्या वाजतात. मग गडी काडी डावीकडे वळवतो. कर्रर्र असा आवाज येतो, एका बाजूचा ट्रॅक चाकांवरून घसरून गवतात आडवा होतो आणि १०० किलोचा रणगाडा जागेवर बसतो. उचलायला दोन माणसं लागतात.

तर हे का होतं आणि ते टाळायला काय करावं लागतं, ते आज बघू.

सहापट लहान म्हणजे नक्की किती लहान?

दुकानात मिळणारे रिमोटचे रणगाडे बहुतेक १:१६ मापाचे असतात, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाएवढे. ते टेबलावर मावतात. पण या नादात खोल गेलेली मंडळी १:६ मापाकडे वळतात. ब्रिटनमधली आर्मॉरटेक ही कंपनी या मापाचे धातूचे किट विकते. बाकीचे लोक लेथ, वेल्डिंग आणि थ्रीडी प्रिंटर घेऊन घरीच सुरुवात करतात.

टायगरचंच उदाहरण घेऊ. खऱ्या टायगरचं वजन ५७ टन, त्याची रुंदी ३.७ मीटर आणि तोफ सोडून लांबी ६.३ मीटर. १:६ मापात लांबी होते साधारण १ मीटर ५ सेंटिमीटर आणि रुंदी ६२ सेंटिमीटर. इथपर्यंत सोपं आहे.

वजनाचं काय? इथे बरेच जण ५७ टन भागिले ६ करतात आणि साडेनऊ टनांवर येऊन अडकतात. लांबी सहापट कमी झाली, तशी रुंदीही झाली आणि उंचीही. म्हणून वजन ६ × ६ × ६, म्हणजे २१६ पटींनी कमी होतं. ५७ टनांचे झाले सुमारे २६४ किलो. प्रत्यक्षात मॉडेल आतून पोकळ असतं, पत्रा पातळ असतो, त्यामुळे ते १०० किलोच्या आसपास आणता येतं.

आता जमिनीवर टेकणारा ट्रॅकचा भाग बघा. ते क्षेत्रफळ आहे, म्हणून ते फक्त ३६ पटींनी कमी झालं. वजन २१६ पट कमी, जागा ३६ पट कमी. म्हणजे जमिनीवरचा दाब अजून सहापट घटला. खऱ्या टायगरचा दाब एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोच्या आसपास होता. १०० किलोच्या मॉडेलचा दाब त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पडतो. तुम्ही अनवाणी उभे राहिलात तरी जमीन याहून जास्त दबते.

त्यामुळे खऱ्या रणगाड्याची जी सर्वात मोठी भीती, चिखलात रुतणं, ती मॉडेलला फारशी नसते. पण त्याच्या वाट्याला दुसरं दुखणं येतं. रणगाडा लहान झाला तरी जमीन लहान होत नाही. मैदानातला ५ सेंटिमीटरचा दगड या रणगाड्याला ३० सेंटिमीटरच्या धोंड्यासारखा लागतो. गवताची जुडी म्हणजे त्याच्यासाठी ऊस. आणि हा धोंडा कुठल्या तरी एका चाकाखाली येतो, सगळ्यांखाली एकदम नाही. ते एक चाक वर उचललं गेलं पाहिजे आणि बाकीची जमिनीला टेकून राहिली पाहिजेत. नाहीतर ट्रॅक मधेच सैल पडतो आणि निसटतो.

सस्पेन्शन लागतं ते यासाठी. आरामासाठी नाही, आत कुणी बसलेलं नसतं. ट्रॅक सगळीकडे सारखा ताणलेला राहावा म्हणून ते लागतं.

हुबेहूब नक्कल केली की गाडी दगड होते

समजा तुम्ही खऱ्या टायगरचे नकाशे मिळवले आणि प्रत्येक भाग अचूक सहापट लहान केला. टायगरला टॉर्शन बार होते. टॉर्शन बार म्हणजे पोलादी दांडा. त्याचं एक टोक रणगाड्याच्या सांगाड्यात पक्कं बसवलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला आडवा हात, त्या हाताला चाक. चाक वर गेलं की दांड्याला पीळ बसतो आणि तो पीळ चाकाला परत खाली ढकलतो. ओला टॉवेल पिळून सोडला की तो उलटा फिरतो, तसंच काहीसं.

आता हा दांडा जाडीला आणि लांबीला सहापट लहान केला, तर तो मॉडेलसाठी बरोबर बसायला हवा ना?

नाही. तो सहापट जास्त कडक होतो. दांडा लहान झाला तसा त्याचा कडकपणा २१६ पट घटला. पण मॉडेलला लागणारा पिळाचा जोर १२९६ पट कमी हवा असतो, कारण वजन २१६ पट कमी झालं आणि ज्या हाताने ते वजन दांडा पिळतं तो हातही सहापट आखूड झाला. पोलाद मात्र तेच राहिलं, ते काही मऊ झालं नाही. वर मॉडेल अचूक २६४ किलोचं नसून १०० किलोचं असेल, तर हा दांडा सोळापट कडक ठरतो. चाकं हलतच नाहीत. सगळं इमानदारीने केलं आणि हातात आला एक सुंदर दगड.

म्हणून इथे नक्कल सोडून हिशेब करावा लागतो. हिशेब फार अवघड नाही, एकदा करून बघू.

मॉडेल १०० किलोचं. त्यातली चाकं, हात आणि ट्रॅक स्प्रिंगवर लटकलेले नसतात, ते साधारण २५ किलो धरा. उरले ७५. टायगरला एका बाजूला ८, दोन्ही मिळून १६ टॉर्शन बार. म्हणजे एकेका बारवर साधारण ४.७ किलो. चाकाची एकूण हालचाल ३० मिलिमीटर ठेवायची असेल, तर नुसतं उभं असताना ते १० मिलिमीटर दबलेलं असावं. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. त्यांना वाटतं उभ्या स्थितीत स्प्रिंग पूर्ण उघडी हवी. पण मग खड्डा आला की चाक खाली जाऊच शकत नाही, ते हवेत लटकतं आणि तिथे ट्रॅक ढिला पडतो.

हात ६० मिलिमीटरचा आणि दांडा ४० सेंटिमीटर लांब धरला, तर स्प्रिंग स्टीलच्या दांड्याचा व्यास निघतो साडेपाच मिलिमीटरच्या जरा आत. आता बाजारात साडेपाचचा मिळाला नाही म्हणून तुम्ही सहाचा आणलात, तर काय बिघडलं? दांड्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. पाचचा सहा केला की कडकपणा दुप्पट. अर्ध्या मिलिमीटरचं "चालतंय की" इथे चालत नाही. हात लांब-आखूड करून किंवा दांड्याची पिळणारी लांबी बदलून ते जुळवावं लागतं.

दांड्याची टोकं पकडणं ही दुसरी कटकट. गोल दांडा नुसता स्क्रूने आवळला की चार दिवसांत तो आत फिरायला लागतो आणि चाक लुळं पडतं. वेल्डिंग करावं तर उष्णतेने स्प्रिंग स्टीलचा गुणच जातो, नेमकं जोडाजवळ तुटतं. म्हणून टोकाला चपटं घासून क्लॅम्प, किंवा षटकोनी दांडा. काही जण सरळ लांब एलन की कापून वापरतात. पोलाद चांगलं असतं आणि षटकोनी टोक षटकोनी भोकात बसलं की फिरायचा प्रश्नच नाही. जुगाड म्हणा, पण विचार करून केलेला जुगाड आहे.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत लगेच जाणवते. लहान रणगाडा भरभर हिंदकळतो. खरा रणगाडा खड्ड्यातून गेला की नाक सावकाश खाली जातं, सावकाश वर येतं. मॉडेलमध्ये तीच हालचाल साधारण अडीचपट वेगाने होते, कारण गुरुत्वाकर्षण काही सहापट कमी झालेलं नसतं. मग तो रणगाडा न वाटता टपावर डोलणारं खेळणं वाटतो. उपाय म्हणजे स्प्रिंगा जमतील तेवढ्या मऊ ठेवायच्या आणि पुढच्या व मागच्या चाकांना छोटे शॉक अॅब्सॉर्बर लावायचे. खऱ्या टायगरलाही पहिल्या आणि शेवटच्या हातावरच शॉक अॅब्सॉर्बर होते. आरसी कारचे तेल भरलेले शॉक इथे कामी येतात.

टायगर सगळ्यांना हवा असतो, पण...

टायगरची क्रेझ वेगळीच. ब्रिटनच्या बोव्हिंग्टन इथल्या टँक म्युझियममध्ये असलेला टायगर १३१ एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागला होता. आज चालू स्थितीत असलेला हा एकमेव टायगर. २०१४ च्या फ्युरी सिनेमात तोच दिसतो. त्यामुळे पहिलं मॉडेल म्हणून दहातले आठ जण टायगरचं नाव घेतात.

आणि हीच पहिली चूक असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

टायगरची चाकं एकमेकांवर चढवलेली आहेत. सुरुवातीच्या टायगरला एका बाजूला आठ आसांवर तीन-तीन अशी २४ चाकं होती. दोन्ही बाजू मिळून ४८. आतलं एक चाक काढायचं तर आधी बाहेरची काढा. रशियातल्या हिवाळ्यात या चाकांच्या मधे चिखल जाऊन रात्रीतून गोठायचा, आणि सकाळी जर्मन सैनिक हातोड्या घेऊन तो फोडत बसायचे. तुमच्या मैदानात बर्फ पडणार नाही, पण गवत आणि बारीक खडी तेच काम करते. त्यात एका बाजूच्या आणि दुसऱ्या बाजूच्या दांड्यांना रणगाड्याच्या तळाशी शेजारी-शेजारी जागा द्यावी लागते. म्हणून खऱ्या टायगरमध्ये एका बाजूचे हात पुढच्या दिशेला आणि दुसऱ्या बाजूचे मागच्या दिशेला होते. मॉडेलमध्ये हे सोळा दांडे तळ पूर्ण अडवतात, बॅटरी आणि मोटर त्यांच्या वर कुठेतरी बसवायच्या.

रशियन टी-३४ सोपा दिसतो. एका बाजूला पाचच मोठी चाकं, वर ट्रॅकला आधार द्यायला वेगळी लहान चाकं नाहीत. ट्रॅक सरळ मोठ्या चाकांच्या डोक्यावर लोळतो. पण त्याच्या क्रिस्टी सस्पेन्शनच्या लांब स्प्रिंगा बाजूच्या भिंतीला लागून आत उभ्या असतात आणि आतली जागा खातात. मॉडेलमध्ये ती जागा आधीच कमी. तरी पहिल्या प्रयत्नासाठी टी-३४ वाईट नाही.

माझी पसंती मात्र अमेरिकन शर्मनला. त्याला एका बाजूला तीन बोगी असतात. बोगी म्हणजे एका खोक्यात दोन चाकं आणि त्यांच्या मधली स्प्रिंग. एक चाक दगडावर चढलं की भार स्प्रिंगमार्फत दुसऱ्यावर जातो. हे खोकं रणगाड्याच्या बाहेरून बोल्टने लावलेलं असतं, आतली जागा पूर्ण मोकळी. बिघडलं तर चार बोल्ट काढा, खोकं टेबलावर घ्या, दुरुस्त करा. युद्धातही शर्मनच्या दुरुस्ती पथकांना हेच आवडायचं. मूळ रणगाड्यात शंकूसारखी गुंडाळलेली पट्टीची स्प्रिंग होती, पण खोक्याच्या आत कोण बघतं? तिथे साधी कॉइल स्प्रिंग बसते आणि बाहेरून काही कळत नाही.

चित्रांवरून हे समजत नसेल, तर महाराष्ट्रात एक सोय आहे. अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये लष्कराच्या आर्मर्ड कोअरचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. तिथे सेंच्युरियन आहे आणि आपला विजयंताही. दोघांना एका बाजूला सहा-सहा चाकं. लांबून सारखीच वाटतात. जवळ जाऊन वाकून बघा. सेंच्युरियनची चाकं जोडी-जोडीने एका खोक्याला बांधलेली आहेत, विजयंताचं प्रत्येक चाक स्वतःच्या टॉर्शन बारवर वेगळं आहे. पुस्तकातली दहा पानं वाचण्यापेक्षा तिथे दहा मिनिटं उकिडवं बसणं जास्त शिकवतं.

१९२ कड्या, १९२ पिना

आता येऊ ट्रॅककडे.

टायगरच्या एका ट्रॅकमध्ये ९६ कड्या होत्या, दोन्हींत १९२. प्रत्येक कडी शेजारच्या कडीला पिनेने जोडलेली. दोन पिनांमधलं अंतर, ज्याला पिच म्हणतात, ते खऱ्या टायगरमध्ये १३० मिलिमीटर. १:६ मध्ये ते होतं २१.७ मिलिमीटर.

एक कडी बनवायला कापणं, भोकं पाडणं, घासणं धरून दहा मिनिटं लागली तरी १९२ कड्यांना ३२ तास लागतात. पण खरी कसोटी वेळेची नाही. पहिली कडी सगळ्यांचीच सुंदर होते. एकशे ब्याण्णवावी कडी पहिलीसारखीच व्हायला हवी.

का ते बघा. पिन २.५ मिलिमीटरची आहे आणि भोक चुकून २.७ चं पडलं. फरक ०.२ मिलिमीटर, डोळ्याला दिसतही नाही. ट्रॅक ताणला की प्रत्येक जोडात ही ढील बाहेर येते. ९६ गुणिले ०.२ म्हणजे १९ मिलिमीटर. जवळजवळ एका आख्ख्या कडीएवढा ट्रॅक लांबला. आणि ही सुरुवात आहे. चालवत गेलं की धूळ आणि वाळू भोकात शिरते, भोकं अजून मोठी होतात. रणगाड्याचा ट्रॅक रबरासारखा ताणला जात नाही, तो जोडाजोडाने झिजून लांब होतो.

दुसरी बाजू दातेरी चाकाची, म्हणजे स्प्रॉकेटची. मोटर याला फिरवते आणि याचे दाते ट्रॅक ओढतात. टायगरच्या स्प्रॉकेटला २० दाते होते, त्यातले एका वेळी दहाएक ट्रॅकमध्ये गुंतलेले असतात. तुमची कडी २१.७ ऐवजी २१.८ ची झाली, तर दहा दात्यांवर मिळून एक मिलिमीटरचा फरक पडतो. मग पहिला दाता कडीत नीट बसतो आणि दहावा कडीच्या कडेवर चढतो. सरळ जाताना तो कसाबसा खाली घसरतो आणि टक् टक् आवाज येतो. वळताना जोर आला की तो चढतो तो चढतोच, आणि ट्रॅक बाहेर.

म्हणूनच नकाशावरून स्प्रॉकेट आधी कापून घेऊ नका. आधी कड्या बनवा, दहा-वीस कड्या जोडून एका टोकाला वजन लटकवून ताणा, लांबी मोजा, कड्यांच्या संख्येने भागा. जो आकडा येईल तो तुमचा खरा पिच. स्प्रॉकेट त्या आकड्याचं करा. नकाशात काहीही लिहिलेलं असो.

भोकं पाडायला जिग लागतोच. जिग म्हणजे एक साचा, ज्यात कडी एकाच पद्धतीने बसते आणि ड्रिल दरवेळी त्याच जागी उतरतं. थ्रीडी प्रिंटरने कड्या काढल्या तरी भोक प्रिंटरवर सोडू नका, ते थोडं लहान छापा आणि जिगमध्ये धरून ड्रिलने मोकळं करा. आणि साधं पीएलए प्लास्टिक वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेला ट्रॅक संध्याकाळी बाहेर काढाल तेव्हा त्याचा आकार वेगळाच असेल. नायलॉन जास्त टिकतं, धातू त्याहून जास्त.

धातूत ओतायच्या असतील तर आपल्याकडे कोल्हापूरसारखी फौंड्रीची गावं आहेतच. पण तिथेही एक सापळा आहे. ॲल्युमिनियम थंड होताना साधारण सव्वा टक्का आकसतं. शर्मनच्या २५.४ मिलिमीटरच्या कडीत ते फक्त ०.३ मिलिमीटर होतं, पण एका बाजूच्या ७९ कड्यांना मिळून २५ मिलिमीटर, बरोबर एक कडी गायब. पॅटर्न बनवणाऱ्या कारागिराला हे माहीत असतं, तो साचा तेवढा मोठा धरतो. घरी फायलीवरून स्वतः पॅटर्न छापणारा नवखा मात्र हमखास विसरतो.

शर्मनचा विषय निघालाच आहे तर त्यातला एक योगायोग. खऱ्या शर्मनचा पिच सहा इंच. त्याच्या सहाव्या हिश्शाचं मॉडेल केलं की होतो बरोबर एक इंच. आणि एक इंच पिचची रोलर चेन यंत्रांच्या दुकानात तयार मिळते. सायकलच्या चेनचा पिच अर्धा इंच, ही तिचीच थोरली बहीण. शर्मनच्या स्प्रॉकेटला १३ दाते होते, तेही या चेनचं १३ दात्यांचं तयार मिळू शकतं, व्यास साधारण १०६ मिलिमीटर. काही जण म्हणूनच दोन चेन समांतर घेतात आणि त्यावर रबराचे किंवा प्लास्टिकचे ठोकळे बोल्टने बसवतात. शुद्धतावादी मंडळी नाकं मुरडतात, कारण आतून बघितलं की चेन दिसते. पण झीज कमी, पिच अचूक, आणि ३२ तासांतले बरेच तास वाचतात. एकच चेन मात्र घेऊ नका. चेन सरळ ओढायला बनलेली असते, बाजूने वाकवायला नाही.

आणि बाजूने वाकणं कुठे येतं? वळणावर.

वळण म्हणजे घसटणं

कार वळते तेव्हा तिची पुढची चाकं वळतात. रणगाड्याला तसलं काही नाही. एक ट्रॅक जोरात फिरवायचा, दुसरा हळू किंवा उलटा. म्हणजे जमिनीवर टेकलेला सगळा लांबलचक ट्रॅक आडवा घासत न्यायचा. लाकडी बाक टोकाला धरून फरशीवर फिरवून बघा, किती अडतो ते कळेल.

आपल्या १०० किलोच्या टायगरचा ६० सेंटिमीटर ट्रॅक जमिनीवर टेकलेला आहे आणि दोन ट्रॅकमधलं अंतर ४७ सेंटिमीटर आहे. बऱ्यापैकी पकड असलेल्या जमिनीवर त्याला जागच्या जागी फिरवायला प्रत्येक ट्रॅकला २० ते २२ किलोंची ओढ लागते. सरळ चालताना हीच ओढ तीन-पाच किलोंची असते. म्हणजे मोटर निवडायची ती वळणासाठी. या मापाचे लोक व्हीलचेअरच्या २४ व्होल्टच्या मोटरी का वापरतात, ते आता लक्षात येईल. वेग लागत नाही, जोर लागतो. टायगरचा ताशी ३८ किलोमीटरचा वेग सहाने भागला तर साडेसहाही होत नाही. तुम्ही शेजारी भरभर चालत जाऊ शकता.

पण मोटर कितीही ताकदीची घेतली तरी तो आडवा जोर शेवटी ट्रॅकवरच येतो. कडीच्या आतल्या अंगाला शिंगासारखे उंचवटे असतात, ते चाकांच्या मधून किंवा कडेने जातात आणि ट्रॅकला जागेवर धरून ठेवतात. हे उंचवटे बुटके केले, चाकांचे आस जरा वाकडे बसले, किंवा मागचं आयडलर चाक स्प्रॉकेटच्या रेषेत नसलं, की वळणावर ट्रॅक हळूहळू त्यांच्यावर चढतो. एका ताणलेल्या दोरीने स्प्रॉकेट, सगळी चाकं आणि आयडलर एका रेषेत आहेत का, हे तपासायला पाच मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी फसलेल्या बऱ्याच रणगाड्यांची कथा या न घालवलेल्या पाच मिनिटांची असते.

ताण किती ठेवायचा, यावर वाद घालणारे दोन पक्ष कायम भेटतील. घट्टवाले म्हणतात ट्रॅक निघायलाच नको. पण घट्ट ट्रॅक मोटरची ताकद खातो, पिना झिजवतो, आणि सस्पेन्शन हलूच देत नाही, म्हणजे एवढा केलेला स्प्रिंगचा हिशेब पाण्यात. टायगरच्या फोटोंमध्ये वरचा ट्रॅक मधल्या चाकांवर झोक्यासारखा टेकलेला दिसतो, तसा हवा. आयडलर मागे-पुढे सरकवायची सोय मात्र ठेवायलाच हवी, आणि ती एका पान्याने बाहेरून करता यायला हवी.

पिन बाहेर येऊ नये म्हणून दोन्ही टोकांना काय करायचं, यावर टी-३४ बनवणाऱ्या रशियन कारखान्यांनी भारी डोकं लावलं होतं. त्यांनी पिनेला आत सरकण्यापासून अडवायला काही ठेवलंच नाही. पिन आत सरकत सरकत बाहेर डोकावली, की ट्रॅक फिरताना ती रणगाड्याच्या अंगावर वेल्ड केलेल्या एका तिरक्या पट्टीवर आपटते आणि परत आत ढकलली जाते. प्रत्येक फेरीला आपोआप. टी-३४ चं मॉडेल करणाऱ्याला ही पट्टी तशीच वापरता येते. बाकीच्यांनी एका टोकाला डोकं आणि दुसऱ्या टोकाला छोटा स्क्रू किंवा क्लिप लावावी. पिनेला चिकटद्रव लावून मोकळं होऊ नका, कारण ती पिन पुढे अनेकदा काढायची आहे.

सगळं बसलं की थेट मैदानात जाऊ नका. रणगाडा लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवा, ट्रॅक हवेत, आणि अर्धा तास दोन्ही दिशांना हळू फिरू द्या. या वेळी बोटं स्प्रॉकेटपासून लांब. व्हीलचेअरच्या मोटरला बोट आणि कडी यातला फरक कळत नाही. रिमोटचा सिग्नल गेला तर मोटर बंद होते का, हेही ठोकळ्यांवर असतानाच रिमोट बंद करून बघा. आणि वरच्या बाजूला हाताला लगेच सापडेल असं एक मोठं लाल बटण ठेवा.

मग गवत. पहिले काही दिवस मोठ्या गोलाकार वळणांनी चालवा, जागच्या जागी गरकन फिरवणं नको. तासाभराने ट्रॅक सैल वाटेल. घाबरायचं कारण नाही, नव्या पिना आणि भोकं एकमेकांत बसत असतात. आधी आयडलर मागे घ्या. तो शेवटपर्यंत गेला, तर दोन्ही बाजूंची एक-एक कडी काढा आणि आयडलर परत पुढे आणा.

काढलेल्या कड्या टाकू नका. टायगरचे सैनिक जादा कड्या तोफेच्या घुमटाच्या बाजूला अडकवून फिरायचे, तुम्हीही तिथेच अडकवा.